माहेरचे जीन्स आणि पाळीआधीचे आठ दिवस

आधी एका वाचक बाईंनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात, त्यांच्याच शब्दांत सांगते. वय चौतीस, सासर बडोद्यात, नऊ वर्षांची एक मुलगी. पाळीच्या आधी सात-आठ दिवस प्रचंड चिडचिड, रडू, कुणी साधं "चहा टाकू का" विचारलं तरी बोचतं, आणि पाळी सुरू झाली की दोन दिवसांत सगळं निवळतं. आईला असंच व्हायचं, मोठ्या बहिणीला बाळंतपणानंतर डिप्रेशन आलेलं. हार्मोनच्या सगळ्या टेस्ट नॉर्मल. मग नवऱ्याने ऑनलाइन डीएनए किट मागवलं, त्यात ईएसआर१ जीनमध्ये "रिस्क" आणि सीओएमटीमध्ये "मेट-मेट, काळजी करणारा प्रकार" असं आलं. सासूबाई म्हणतात, हे तुझ्या माहेरचंच आहे. तर हे खरंच जीन्समध्ये असतं का, आणि मुलीला पण येणार का?

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे (त्यांना कळवू नका). किटचं पाव पण नाही.

मी सायकियाट्रिस्ट आहे, दांडिया बाजारात सत्तावीस वर्षं बसतेय, आणि हा विषय मला पुस्तकाने कमी आणि गौरी-गणपतीने जास्त शिकवला. आपल्याकडे बडोद्यात गौरीचं सोवळं अजून बऱ्याच घरांत कडक आहे, तारीख जवळ आली की बायका मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणतात, नवरात्रात गरब्यासाठी परत तेच. ती गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉन या पाळीच्या हार्मोनचा बनावटी भाऊ समजा. आता एका घरात तिघी जावा, तिघींनी एकच गोळी घेतली, तेच काम, त्याच पुरणपोळ्या, तेच पाहुणे, तोच सासूबाईंचा आवाज. दोघींना काही नाही, तिसरी मात्र चौथ्या दिवसापासून अशी की स्वतःच म्हणते मला मीच ओळखू येईना. गुजराथी पेशंट म्हणतात ना, "बेन, मगज फरी जाय छे", डोकंच फिरतं, तसंच. जावा म्हणजे तीन वेगवेगळ्या माहेरच्या, रक्ताचं नातं नाही. घर एक, गोळी एक, आणि परिणाम तीन. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, तिसरीच्या डोक्यावर दुसरं टेन्शनही असू शकतं, पण नीट प्रश्न इथूनच सुरू होतो: औषध तेच, हार्मोन तेच, मग घेणाऱ्या मेंदूत काय वेगळं आहे?

यावर माझ्या मते सगळ्यात देखणा प्रयोग अमेरिकेत पीटर श्मिट आणि त्यांच्या लोकांनी केला, १९९८ मध्ये छापून आला. पाळीआधी खूप त्रास होणाऱ्या बायकांना इंजेक्शन देऊन बीजांडकोशांचं काम तात्पुरतं बंद केलं, म्हणजे इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन या दोन हार्मोनचे चढउतारच नाहीत. ज्यांना त्याने बरं वाटलं अशा दहा जणींना मग नेहमीच्याच पातळीचे हार्मोन बाहेरून परत दिले. त्रास परत आला. ज्यांना कधीच त्रास नव्हता अशा बायकांवर हेच सगळं केलं, तेच इंजेक्शन, तेच हार्मोन, आणि त्यांना काही झालं नाही. म्हणजे तुमच्या रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले त्यात लॅबची चूक नाही, ते नॉर्मलच असतात. २०१७ मध्ये याच गटाने अजून एक गोष्ट दाखवली, ती मला पहिल्यापेक्षा महत्त्वाची वाटते. हार्मोन परत दिल्यावर पहिल्या महिन्यात त्रास होतो, पण तीच पातळी तशीच धरून ठेवली तर पुढे तो ओसरतो. थोडक्यात हार्मोन किती आहे यापेक्षा तो *बदलला* की काही बायकांचा मेंदू ढवळून निघतो. आता असं कुणाचं होतं आणि कुणाचं नाही, हे ठरवण्यात जीन्सचा वाटा आहे. जीन्स तुम्हाला चिडकं करत नाहीत, बदल किती जोरात लागणार ते थोडंफार ठरवतात. बाकी सगळं मी जे लिहिणार आहे ते या एका गोष्टीभोवतीच आहे.

तर ईएसआर१. हा सहाव्या क्रोमोसोमवर असतो आणि इस्ट्रोजेनचा अल्फा रिसेप्टर, म्हणजे पेशीतलं हार्मोन पकडणारं प्रोटीन, बनवायची कृती त्यात लिहिलेली असते. (बीटा रिसेप्टरचा जीन वेगळा, ईएसआर२, तो चौदाव्यावर.) पुरुषांतही असतो बरं का, तुमच्या नवऱ्यात पण आहे. इस्ट्रोजेन पेशीत शिरलं की या रिसेप्टरला चिकटतं, मग ती जोडी डीएनएवर ठराविक जागी जाऊन बसते आणि आजूबाजूचे जीन्स चालू-बंद करते, त्यात सेरोटोनिन (मूडशी जोडलेलं मेंदूतलं रसायन) तयार करणारे, मेंदूतल्या जोडण्या घट्ट करणारे असे कितीतरी आले. म्हणून इस्ट्रोजेनला नुसतं पाळीचं हार्मोन म्हणणं म्हणजे एमजीव्हीसीएलला, आमच्या वीज कंपनीला, फक्त गिझरवाले म्हटल्यासारखं आहे, अख्ख्या घराची लाइन तिथूनच येते. हे रिसेप्टर मेंदूच्या कितीतरी भागांत आहेत, अमिग्डालात आहेत, हायपोथॅलॅमसमध्ये आहेत, हिप्पोकॅम्पसमध्ये आहेत. अमिग्डाला म्हणजे समोरच्याचा चेहरा बघून "धोका आहे का" हे आपल्याला कळायच्या आधी ठरवणारा भाग. एमआरआय मशिनमध्ये बायकांना त्रासदायक चित्रं दाखवून बघितलंय, पाळी नुकतीच आली असताना, म्हणजे इस्ट्रोजेन कमी असताना, हा भाग जास्त पेटतो आणि महिन्याच्या मध्यावर, इस्ट्रोजेन भरात असताना, कमी. तोच फोटो, तीच बाई, दोन आठवड्यांचं अंतर.

२००७ मध्ये पाळीआधीच्या तीव्र त्रासाचा, ज्याला आम्ही पीएमडीडी म्हणतो, ईएसआर१ मधल्या काही बदलांशी संबंध सापडला. तुमच्या किटने बहुतेक तिथलाच धागा उचललाय. पण गंमत बघा, त्या अभ्यासात हा संबंध फक्त सीओएमटी जीन *व्हॅल-व्हॅल* असलेल्या बायकांतच दिसला होता (या जीनचे व्हॅल आणि मेट असे दोन प्रकार, एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते, दोन्ही व्हॅल तर व्हॅल-व्हॅल). तुमचा रिपोर्ट म्हणतो मेट-मेट. म्हणजे ज्या अभ्यासाच्या जोरावर तुम्हाला "रिस्क" म्हटलंय त्याच अभ्यासाप्रमाणे तुमच्यासारख्यांना ती दिसत नाही! किटवाल्यांनी दोन वेगळ्या पानांवर दोन वेगळे निकाल छापले आणि एकमेकांशी ताडून बघायचे कष्ट घेतले नाहीत. अर्थात तो अभ्यासही छोटा होता, शंभरच्या आत पेशंट, तेव्हा त्याच्या जोरावर मी तुम्हाला "रिस्क नाही" असंही सांगणार नाही.

सीओएमटीचं थोडं सांगते कारण ते खरंच इंटरेस्टिंग आहे. हा जीन एक एन्झाइम बनवतो, ते मेंदूच्या पुढच्या भागात डोपामिन नावाचं निरोप नेणारं रसायन साफ करतं. व्हॅल प्रकारचं झपाझप झाडतं, मेट प्रकारचं तीन-चार पट हळू. लोकप्रिय भाषेत व्हॅल म्हणजे लढवय्या आणि मेट म्हणजे काळजीखोर, हे लेबल ज्याने काढलं त्याला मार्केटिंगमध्ये नोकरी मिळायला हवी होती. यात इस्ट्रोजेन कुठे येतं? इस्ट्रोजेन हे एन्झाइम कमी करतं. म्हणजे इस्ट्रोजेन वर असतं तेव्हा डोपामिन जास्त वेळ टिकतं. डोपामिनचं मिठासारखं आहे, कमी पडलं तरी भाजी अळणी आणि जास्त झालं तरी फुकट. २०११ मध्ये बायकांना महिन्याच्या वेगवेगळ्या दिवशी डोक्यात गोष्टी धरून ठेवायच्या टेस्ट दिल्या, तर व्हॅल-व्हॅलवाल्या इस्ट्रोजेन जास्त असताना चांगलं करत होत्या आणि मेट-मेटवाल्या त्याच दिवसांत ढिल्या पडत होत्या. बरोब्बर उलट. ही टेस्ट मूडची नव्हती, पण "इस्ट्रोजेन वाढलं की बाईचा मूड छान" हे वाक्यही काही बायकांच्या बाबतीत चुकत असेल असं मला वाटतं, आणि मासिकांत हेच वाक्य किती वर्षं छापून येतंय. हा पण छोटाच गट होता. पण जीन एकटा काही करत नाही, हार्मोनच्या कोणत्या दिवशी करतो ते बघावं लागतं, हे त्यातून चांगलं कळतं.

मला सगळ्यात जास्त पटलेला पुरावा मात्र यातला नाहीच. २०१७ मध्येच अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमधून आलेलं काम आहे, त्यांनी पीएमडीडी असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये वाढवल्या. प्लेटमध्ये ना नवरा, ना सासू, ना ऑफिस. त्या पेशींना हार्मोन दिले तर दोन्ही गटांच्या पेशींनी वेगवेगळा प्रतिसाद दिला, आणि फरक एका जीनमध्ये नव्हता, जीन्सच्या एका अख्ख्या टोळीत होता जी बाकीचे जीन्स किती उघडायचे ते सांभाळते. मी हे वाचलं त्या दिवशी ओपीडीत एका बाईला सांगितलं, तुमची पांढरी पेशी पण असंच वागत असेल हो, ती काही नाटक करत नाही. ती रडली. वीस वर्षं तिला घरात "ड्रामा क्वीन" म्हणत होते.

आता बहिणीचं. तुम्ही ते नुसतं जाता जाता लिहिलंय, मला तुमच्या अख्ख्या किटपेक्षा ती एक ओळ जास्त कामाची आहे. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत अलोप्रेग्ननोलोन नावाचा पदार्थ बनतो, तो गाबा रिसेप्टरवर बसतो, म्हणजे झोपेच्या-शांततेच्या गोळ्या आणि दारू जिथे काम करतात त्याच ठिकाणी. बहुतेकींना त्याने निवांत वाटतं, पण काहींना उलटं, अजून चिडचिड होते. गरोदरपणात हा पदार्थ खूप वाढतो आणि बाळंतपणानंतर काही दिवसांत धाडकन खाली येतो. २००० साली एक प्रयोग झाला, सोळा जणींना औषधांनी आधी गरोदरपणासारखी पातळी दिली आणि मग एकदम थांबवली. आठ जणींना आधी कधीतरी बाळंतपणानंतर डिप्रेशन येऊन गेलेलं, त्यातल्या पाच जणींचा मूड परत पडला. बाकी आठ जणींना तसं कधीच नव्हतं, त्यातली एकही नाही. याच धाग्यावरून पुढे ब्रेक्सानोलोन नावाचं औषध आलं, हुबेहूब अलोप्रेग्ननोलोनच, साठ तासांची सलाइन, अमेरिकेत २०१९ ला मंजूर झालं, आणि २०२३ ला त्याच जातीतली गोळी, झुरानोलोन. जुळ्यांच्या आणि बहिणींच्या अभ्यासांत बाळंतपणातलं डिप्रेशन हे एरवीच्या डिप्रेशनपेक्षा जास्त आनुवंशिक दिसतं. म्हणून आईचं पाळीआधीचं, बहिणीचं बाळंतपणाचं आणि तुमचं, हे तीन वेगळे आजार म्हणून न बघता हार्मोन हलला की हलणारं एकच माहेर असं मी बघते. आणि बहिणीला सांगून ठेवा की चाळिशीच्या पुढे, पाळी जायच्या आधीची काही वर्षं जरा लक्ष ठेवायचं, कारण तेव्हा परत चढउतार असतात.

किटबद्दल राग काढून घेते एकदाचा. स्वीडनमधल्या जुळ्यांच्या मोठ्या अभ्यासात, २००६ चा आहे, डिप्रेशनमध्ये आनुवंशिकतेचा वाटा बायकांत ४२ टक्के आणि पुरुषांत २९ टक्के निघाला. मोठाच आकडा आहे. पण तो दोन-चार जीन्समध्ये नाही, हजारो जागांवर चिमूट चिमूट पसरलाय. पूर्वी आम्हालाही वाटायचं की एक-एक जीन पकडता येईल, सेरोटोनिनच्या जीनवर तर किती कॉन्फरन्समध्ये भाषणं ऐकली मी, टाळ्या पण वाजवल्या. मग २०१९ मध्ये अशा अठरा गाजलेल्या जीन्सचा लाखो लोकांच्या डेटावर हिशेब लावला तर डिप्रेशनशी एकाचाही सरळ संबंध टिकला नाही. अठराच्या अठरा पडले. तुमच्या किटचा मूड-सेक्शन याच जुन्या धाटणीचा आहे, वरून त्यातला बराचसा डेटा युरोपियन वंशाच्या लोकांचा, आपण त्यात फारसे नाहीच. पैसे गेले ते गेले. नवऱ्याला बोलू नका, बिचाऱ्याने काहीतरी करायचं म्हणून मागवलंय, आमच्याकडे येणारे निम्मे नवरे तर बाहेर स्कूटरवरच बसून राहतात.

जीन्सवर आयुष्य कसं बसतं हे पण बघा. २०११ मध्ये अटलांटात, आयुष्यात खूप मारहाण-हिंसा बघितलेल्या लोकांमध्ये, एडीसीवायएपी१आर१ नावाच्या जीनमधला एक बदल सापडला, तो पीटीएसडीशी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनात राहणाऱ्या आजाराशी, जोडलेला होता, पण फक्त बायकांत. कारण शोधलं तर तो बदल नेमका डीएनएच्या अशा जागी होता जिथे इस्ट्रोजेनवाली जोडी येऊन बसते. एफकेबीपी५ नावाचा दुसरा एक जीन आहे, ताणाच्या हार्मोनचा, म्हणजे कॉर्टिसॉलचा ब्रेक सांभाळणारा, त्याचा ठराविक प्रकार असलेल्यांना लहानपणी छळ झाला असेल तर मोठेपणी त्रास जास्त, छळ नसेल तर तो जीन गप्प.

म्हणून एक अप्रिय गोष्ट विचारते, रागावू नका. त्या आठ दिवसांत तुम्ही ज्या गोष्टीवर भडकता, ती गोष्ट बाकीच्या बावीस दिवसांत ठीक असते का? कारण बऱ्याचदा बावीस दिवस गिळलेलं आठ दिवसांत बाहेर पडतं, आणि मग घरचे म्हणतात "तिचे ते दिवस आहेत", संपला विषय. हार्मोनने आवाज चढतो हे खरं, पण बोलणं खोटं ठरत नाही. एक पेशंट होती, पाळीआधी दर महिन्याला पगार कुठे जातो यावरून भांडायची, औषधाने भांडण थांबलं, मग तिने शांतपणे पासबुक मागितलं. पुढचं घरच्यांना आवडलं नाही, पण ते असो.

आता करायचं काय. पहिली काही वर्षं मी पण रिपोर्ट नॉर्मल म्हणून बायकांना घरी पाठवायचे, खोटं कशाला बोलू. मग एक शाळेतल्या बाई आल्या, पिशवीतून कालनिर्णय काढलं, भिंतीवरचं, दुधाचा हिशेब लिहिलेलं. प्रत्येक चौकटीत दुधाच्या शेजारी एक ते सहा असा आकडा. सहा महिने. पाळीच्या तारखेभोवती लाल वर्तुळ, त्याच्या आधी पाच-सहा, पाच-सहा, आणि वर्तुळानंतर तिसऱ्या दिवसापासून एक-एक-एक. निदान त्यांनीच करून आणलं होतं, मी फक्त सही केली. पीएमडीडीचं पक्कं निदान अजूनही असंच होतं, किमान दोन महिने रोजच्या रोज लिहून, आठवून नाही. हे महत्त्वाचं आहे कारण पुष्कळ बायका म्हणतात पाळीआधी होतं आणि लिहिल्यावर दिसतं की महिनाभरच होतं, फक्त पाळीआधी जास्त, ते मग वेगळं डिप्रेशन असतं आणि त्याचे उपचार वेगळे. शंभरात साधारण तीन ते आठ बायकांना खरी पीएमडीडी असते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन एकदा बघून घ्या, झालं, बाकी हार्मोनवर अजून खर्च नको.

दोन महिन्यांत तसंच दिसलं तर उपचार आहेत आणि चांगले आहेत. सेरोटोनिनवाल्या गोळ्या, एसएसआरआय, या आजारात वेगळ्याच वागतात, डिप्रेशनमध्ये तीन-चार आठवडे लागतात पण इथे काही दिवसांतच फरक पडतो, म्हणून काहींना पाळीआधीचे चौदा दिवसच घेऊन भागतं. चढउतारच सपाट करणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्या असतात, त्या काहींना छान लागतात, काहींना बिघडवतात (जावांची गोष्ट आठवा), आणि मायग्रेन, बीपी, घरात रक्ताच्या गुठळ्या झालेलं कुणी, हे सगळं गायनॅकला आधी सांगायचं. बोलून करायची थेरपी पण उपयोगी पडते. आणि गौरीला गोळी घेऊन तुम्हाला कधी त्रास झाला असेल तर ते पण कालनिर्णयवर लिहा, मला तो फार मोठा पुरावा आहे. त्या दिवसांत नको ते विचार येत असतील, जगूच नये वगैरे, तर दोन महिने थांबायचं नाही, लगेच यायचं, रात्री-बेरात्री असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठी-गुजराथीत बोलतात.

राहिली मुलगी. तिच्यात तुमचे अर्धेच जीन्स आहेत, आणि प्रत्येक वेळी पत्ते नव्याने पिसले जातात. उरलेले अर्धे नवऱ्याकडून, म्हणजे त्यातले साधारण निम्मे सासूबाईंचे. इतकंच काय, तिला वडिलांकडून आलेला एक्स क्रोमोसोम अख्खाच्या अख्खा सासूबाईंच्या कडून आलेला आहे. ईएसआर१ किंवा सीओएमटी एक्सवर नसतात, पण हळदीकुंकवाला विषय निघाला तर सांगायला हरकत नाही. तिच्यासाठी किट मागवू नका. पाळी सुरू झाली की तिला तिचं स्वतःचं छोटं कॅलेंडर द्या आणि आकडे कसे लिहायचे ते दाखवा. तुम्हाला हे चौतिसाव्या वर्षी कळतंय, आईला तर कधीच कुणी सांगितलं नाही. आई असतील तर त्यांना फोन करून विचारा, त्या काळात त्यांना काय काय व्हायचं आणि घरात त्याला काय म्हणायचे. आणि येताना ते पण लिहून आणा.